फोटोवर टेक्श्चर चढवलं की ते चिकटवल्यासारखं का दिसतं?

रानजाई
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

आजीचा एक फोटो आहे. खरं तर तिच्या हातांचा. खिडकीशी बसून ती सुईत दोरा ओवत होती, उजेड उजवीकडून येत होता, बोटं अगदी जवळून टिपलीत. मागची भिंत धूसर. फोटो मला फार जवळचा आहे आणि तो जुन्या अल्बममधल्या छापील फोटोसारखा दिसावा, असं मनात आहे.

म्हणून टेक्श्चरसाठी, म्हणजे पोतासाठी, एका चुरगळलेल्या जुन्या कागदाचा फोटो काढला, तो वरच्या लेयरवर (थरावर) ठेवला आणि ओपॅसिटी ४० केली. सगळा फोटो पिवळट आणि धुकट झाला. मग मोड बदलून ओव्हरले केला, तर कॉन्ट्रास्ट अंगावर आला. कागदाची एक घडी नेमकी बोटांवरून जातेय आणि ती जखमेसारखी दिसते. मोबाइलमधले तयार फिल्टर लावले तर एका टिचकीत बरं दिसतं, पण तेच दुसऱ्या कुठल्याही फोटोवर तसंच दिसतं आणि नेमकं काय घडलं ते कळत नाही.

कामाच्या ठिकाणी फोटोशॉप आहे, घरी गिंप हे त्याच प्रकारचं फुकट सॉफ्टवेअर. फोटो ६००० पिक्सेल रुंद आहे. टेक्श्चर फोटोत मुरल्यासारखं दिसायला काय करावं?

चौकट
आधी निदान करू. ओपॅसिटी ४० म्हणजे प्रत्येक पिक्सेलमध्ये ४० टक्के कागद आणि ६० टक्के फोटो कालवला जातो. छटा ० (काळा) ते २५५ (पांढरा) अशा मोजतात. फोटोतला गडद काळा ० असेल आणि कागद २०० च्या आसपास असेल, तर तो काळा थेट ८० वर जाऊन बसतो. सावल्यांचा जीव गेला की फोटो धुकट दिसणारच. नुसत्या ओपॅसिटीने टेक्श्चर कधीच मुरत नाही, ब्लेंड मोडच लागतो, म्हणजे वरचा लेयर खालच्यात कसा मिसळायचा तो नियम.

मल्टिप्लाय म्हणजे शब्दशः गुणाकार. काळा ०, पांढरा १ धरायचा. १ ने गुणलं की आकडा तोच राहतो, म्हणजे कागदाचा पांढरा भाग नाहीसा होतो आणि डाग, चुण्या तेवढ्या फोटोवर उतरतात. पण तुमचा कागद पूर्ण पांढरा नाही. तो ०.८ असेल तर सगळा फोटो ०.८ ने काळवंडेल. तेव्हा आधी त्या लेयरवर लेव्हल्स (काळं-पांढरं टोक ठरवायची सोय) उघडून पांढरं टोक कागदाच्या मूळ रंगापर्यंत आत ओढा. स्क्रीन मोड याच्या नेमका उलटा. त्यात काळं नाहीसं होतं. काळ्या पार्श्वभूमीवरची धूळ, ओरखडे, प्रकाशाची गळती अशी टेक्श्चर्स स्क्रीनवर टाकायची.

ओव्हरले आणि सॉफ्ट लाइट या दोन्हींत मधला करडा, म्हणजे १२८, तटस्थ असतो. त्याहून उजळ भाग फोटो उजळवतो, गडद भाग गडद करतो. तुमच्या कागदाची सरासरी १२८ च्या बरीच वर आहे, म्हणून ओव्हरलेमध्ये उजेड फाटला. मी करतो ते असं: टेक्श्चरचा लेयर डिसॅच्युरेट (रंग काढून करडा), मग त्यावर हाय पास फिल्टर, रेडियस मोठा ठेवायचा, ६००० पिक्सेलच्या फोटोला शंभरच्या पुढे. हाय पासमुळे दोन गोष्टी होतात. कागदाचा फोटो काढताना एक कोपरा जास्त उजळ आलेला असतो, तो फरक निघून जातो आणि सगळं १२८ च्या आजूबाजूला येऊन बसतं. मग मोड सॉफ्ट लाइट. पिवळटपणाही गेला, कारण रंगच उरला नाही. गिंपच्या २.१० आवृत्तीपासून हाय पास फिल्टर्सच्या 'एन्हान्स' यादीत आहे.

एक लक्षात ठेवा, हाय पासने मोठे पसरट डागही फिकट होतात. डाग हवे असतील तर मूळ कागदाची वेगळी प्रत मल्टिप्लायवर, अगदी हलकी.

नवाकोरा
वाखुसा (वाचनखूण साठवली)! १२८ चं गणित आज पहिल्यांदा नीट कळलं. इतकी वर्षं मोडच्या यादीतून एकेक नाव दाबून बघत होतो.

कृष्णधवल
रानजाई, विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. मी अनेक वर्षं डार्करूममध्ये काम केलंय, म्हणून थोडं मागचं सांगतो.

हे फिल्टर संगणकात जन्मले नाहीत. फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० ची आणि त्यात लेयर आले ते १९९४ च्या ३.० मध्ये. त्याच्या कितीतरी आधी आम्ही टेक्श्चर स्क्रीन वापरत होतो. पारदर्शक फिल्मवर कापडाची वीण किंवा दाणे असायचे, ती निगेटिव्हला जोडून एन्लार्जरमध्ये (निगेटिव्हची मोठी प्रतिमा कागदावर पाडणाऱ्या यंत्रात) घालायची आणि दोन्हींमधून एकदमच प्रकाश कागदावर पडायचा. विचार केलात तर हा मल्टिप्लायच आहे. प्रकाश एका थरातून गाळून मग दुसऱ्यातून गाळला जातो.

अनशार्प मास्क या नावाचं कोडंही तिथेच सुटतं. शार्प करणाऱ्या फिल्टरच्या नावात 'अनशार्प' का? कारण निगेटिव्हची एक फिकट, मुद्दाम धूसर केलेली पॉझिटिव्ह काढायची आणि ती निगेटिव्हवर तंतोतंत बसवून प्रिंट करायचं. मोठ्या भागांचा कॉन्ट्रास्ट दबतो आणि कडा उठून येतात. धूसर होता तो मास्क. सेपियाही नुसता रंग नव्हता. फोटोतल्या चांदीचं सिल्व्हर सल्फाइड व्हायचं, आणि ते साध्या चांदीपेक्षा जास्त टिकायचं. टिकाऊपणाची तपकिरी खूण होती ती.

तुमच्यासाठी डार्करूममधली एकच सवय सुचवतो: टेस्ट स्ट्रिप. आम्ही कागदाची पट्टी टप्प्याटप्प्याने झाकत एकाच प्रिंटवर पाच वेगवेगळे वेळ द्यायचो आणि शेजारी-शेजारी बघून ठरवायचो. टेक्श्चरच्या लेयरचे पाच उभे पट्टे करा. ओपॅसिटी १०, २०, ३०, ४०, ५०. स्लायडर पुढे-मागे करत राहिलं की डोळा प्रत्येक आकड्याला सरावतो आणि हात नेहमी जास्तीकडेच जातो. शेजारी ठेवलं की फसवणूक होत नाही.

उजेडवेडी
कृष्णधवल काका, टेस्ट स्ट्रिपची कल्पना फारच आवडली, उद्याच करून बघते.

रानजाई, सगळं चौकट म्हणतात तसं करूनही काहीतरी खटकेल असं मला वाटतंय, कारण तू लिहिलंयस की उजेड उजवीकडून येतो. कागदाचा फोटो काढताना दिवा कुठे होता? प्रत्येक टेक्श्चरला स्वतःचा उजेड असतो. चुरगळलेल्या कागदाच्या प्रत्येक चुणीची एक बाजू उजळ आणि दुसरी गडद असते. दिवा डावीकडे असेल तर चुणीची डावी बाजू चमकते. फोटोत मात्र बोटांची उजवी बाजू उजळ आहे. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण 'हे वरून चिकटवलंय' असं लगेच वाटतं. शिवाय उजेड उलटा झाला की उंचवटे खड्ड्यांसारखे दिसू लागतात.

उपाय दोन सेकंदांचा आहे. लेयर आडवा उलटा कर, फ्लिप हॉरिझॉन्टल. मला हे कळायला दोन वर्षं लागली. दगडी पायऱ्यांच्या एका फोटोवर आठवडाभर मोड बदलत बसले होते.

घडीसाठी लेयर मास्क (लेयरचा कुठला भाग किती दिसावा ते ठरवणारा पडदा) घे. टेक्श्चर आधी थोडं सरकवून किंवा फिरवून बघ, घडी बोटांना आडवी न जाता हाताच्या बाजूने जाईल असं. मग मास्कवर मऊ ब्रशने बोटांपुरतं हळूहळू काढ. ब्रशचा फ्लो दहा-पंधरा ठेव. पूर्ण पुसू नकोस, नाहीतर हात कागदातून कापून वर ठेवल्यासारखे दिसतील.

रानजाई
उजेडवेडीताई!! दिवा डावीकडेच होता. टेबललॅम्प. लेयर उलटा केला आणि खरंच, एका क्षणात कागद खाली बसला. मी खुर्चीतून उठून आईला बोलावून दाखवलं.

पण आता वेगळाच प्रश्न पडलाय. हातांवर छान दिसतंय, मागच्या धूसर भिंतीवर मात्र टेक्श्चर जास्तच धारदार दिसतं. भिंत पुढे आल्यासारखी वाटते, फोटोतली खोली (डेप्थ) गेली. भिंतीवरचं टेक्श्चर ब्लर करू का?

चौकट
थांबा, ब्लर करू नका. तुमच्या प्रश्नात सगळ्या धाग्याचं मूळ आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पोत दोन प्रकारचा असतो. एक, फोटो ज्याच्यावर छापलाय त्या पृष्ठभागाचा: कागद, कॅनव्हास. दुसरा, फोटोतल्या वस्तूचा: भिंतीचा गिलावा, लाकूड, साडीची वीण. टेक्श्चर टाकण्यापूर्वी आपण यांतला कुठला टाकतोय हे मनाशी ठरवावं लागतं, कारण दोघांचे नियम एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

कागदाला फोटोत काय आहे हे माहीत नसतं. तो हातांवर, भिंतीवर, सावलीत सगळीकडे सारखाच असणार, फोकसशी त्याचा संबंध नाही. भिंतीपुरता तो ब्लर केलात की तो कागद राहत नाही, भिंतीचा गिलावा होतो, आणि डोळा गोंधळतो. याउलट भिंतीला गिलावा द्यायचा असेल तर तो भिंतीच्या पर्स्पेक्टिव्हमध्ये वाकवायला हवा, भिंत जितकी धूसर तितकाच धूसर हवा, भिंतीच्या कडेला थांबायला हवा. आणि ब्लर केल्यावर त्या भागातली कॅमेऱ्याची नॉइजही पुसली जाते, ती वेगळी टाकून बाकीच्या फोटोशी जुळवावी लागते.

काटेकोर बोलायचं तर उजेडवेडींचा नियमही दुसऱ्या प्रकाराचा आहे. छापलेल्या कागदावर खोलीतला कुठलाही उजेड पडू शकतो. पण पडद्यावर बघताना डोळा तेवढा भेद करत नाही, त्यामुळे फ्लिप केलेलं बरं दिसतं हे मलाही मान्य आहे.

तुमची भिंत पुढे येते त्याचं कारण वेगळं आहे. सॉफ्ट लाइट आणि ओव्हरले मध्यम छटांवर सगळ्यात जास्त चढतात. पूर्ण काळ्यावर आणि पूर्ण पांढऱ्यावर त्यांचा परिणाम शून्य होतो. तुमची भिंत मध्यम करडी असणार आणि तिथे स्वतःचा तपशील नाही, म्हणून टेक्श्चर नागडं दिसतं. संपूर्ण लेयरचाच जोर कमी करा.

पायरीवरचा
धाग्याला थोडं अवांतर, पण दुसऱ्या प्रकारातलंच आहे म्हणून इथेच विचारतो. वाऱ्यावर फडकणाऱ्या कापडाच्या फोटोवर नक्षी बसवायची आहे. मल्टिप्लाय केलं, सावल्या नीट आल्या, पण नक्षीच्या रेषा चुण्यांवरून सरळ जातात.

चौकट
डिस्प्लेस फिल्टर. कापडाच्या फोटोची कृष्णधवल प्रत करा आणि थोडी गॉसियन ब्लर करा. ब्लर विसरू नका, नाहीतर कापडाच्या धाग्यांमुळे रेषा करवतीसारख्या होतात. ती प्रत पीएसडी (फोटोशॉपची फाइल) म्हणून सेव्ह करायची, मग नक्षीच्या लेयरवर डिस्प्लेस लावून तीच नकाशा म्हणून द्यायची. नकाशात १२८ असेल तिथला पिक्सेल जागेवर राहतो, उजळ भाग एका दिशेला सरकवतो, गडद भाग दुसऱ्या. किती सरकवायचं तो आकडा लहानापासून वाढवत न्या.

साधासरळ
सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, शिकायला मिळालं. तरी एक वेगळं मत मांडतो, राग मानू नका.

आजीच्या हातांवर कागदाचा पोत हवाच कशाला? ते हात हाच पोत आहे. ऐंशी वर्षांच्या सुरकुत्या, नखांवरच्या रेघा, बोटाला लागलेला दोरा. त्यावर परक्या चुण्या टाकल्या की खऱ्या कुठल्या आणि खोट्या कुठल्या हे कळत नाही. आणि दुसरी काळजी अशी की घरातले फोटो पुढच्या पिढीकडे जातात. आज काढलेला फोटो मुद्दाम जुना केला तर तीस वर्षांनी कोणीतरी तो खरोखर जुना समजेल. बातमीच्या फोटोत तर असं काही करणं मला अजिबात मान्य नाही.

उजेडवेडी
साधासरळ, सुरकुत्यांबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं, आणि त्यावर सॉफ्टवेअरमध्येच चांगलं उत्तर आहे. बाहेरून पोत आणण्याऐवजी आहे तोच पोत वर काढता येतो.

लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये २०१९ मध्ये टेक्श्चर नावाचा स्लायडर आला. त्यातलाच क्लॅरिटी हा स्लायडर मध्यम छटांचा कॉन्ट्रास्ट वाढवतो, त्यामुळे चेहरा लगेच कोरडा, कठोर दिसायला लागतो. टेक्श्चर मध्यम आकाराच्या तपशिलावर काम करतो. त्वचेची वीण, कापड, झाडाची साल. अगदी बारीक नॉइज तो फारशी उकरत नाही. हातांवर ब्रशने +२० दिलं तर सुरकुत्या बोलू लागतात. कोणी कृपया उलट्या दिशेने −१०० करू नका, आजीचे हात मेणाचे होतात.

फोटोशॉप-गिंपमध्ये हेच हाय पासने होतं. फोटोचीच प्रत, हाय पासचा रेडियस लहान, ओव्हरले, आणि मास्क लावून फक्त हातांवर. गिंपमध्ये ग्रेन एक्स्ट्रॅक्ट आणि ग्रेन मर्ज हे मोडही आहेत. ब्लर केलेली प्रत मूळ फोटोतून वजा केली की फक्त पोत वेगळा हातात येतो, मग तो वाढवा, कमी करा, परत मिसळा.

नवाकोरा
एक बाळबोध प्रश्न. मोबाइलमधले तयार फिल्टर नक्की काय करतात? रानजाई म्हणतात तसं सगळे फोटो सारखे का दिसतात?

चौकट
प्रश्न बाळबोध नाही. बहुतेक तयार फिल्टरमध्ये रंगांचा एक तक्ता असतो, त्याला लट म्हणतात. हा रंग आला तर त्याच्या जागी तो रंग द्या, एवढंच. ३३ × ३३ × ३३ चा तक्ता सर्रास वापरतात, म्हणजे ३५,९३७ रंगांची उत्तरं आधीच लिहिलेली आणि मधले रंग अंदाजाने काढलेले. तक्त्याला पिक्सेलचा रंग कळतो, त्याची जागा कळत नाही. आजीचा हात आणि त्याच रंगाची लाकडी चौकट त्याच्या लेखी एकच. त्यावर ठरावीक व्हिनेट (कडांचा काळोख) आणि ठरावीक ग्रेन (फिल्मसारखे दाणे). म्हणून सारखे दिसतात. मात्र रंगाची दिशा शिकायला ते उत्तम आहेत. फिल्टर लावायच्या आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवा आणि सावल्यांत कुठला रंग आला, पांढरा किती खाली उतरला ते बघा. मग तेच कर्व्ह्जने स्वतः करून बघा.

रानजाई
साधासरळदादा, राग कसला, रात्रभर तुमचाच प्रतिसाद डोक्यात होता. आजी आता नाही. फोटो गेल्या वर्षीचा आहे. तो जुना दिसावा असं मला का वाटत होतं याचा विचार केला तेव्हा कळलं की तिच्या तरुणपणाचे फोटो तसे आहेत आणि हा त्यांच्याशेजारी बसावा असं मला हवं होतं. तारीख आणि खरी हकिकत मागे लिहून ठेवणार, मूळ फाइल वेगळी ठेवणार. हे वचन.

ग्रेनबद्दल कोणी सांगेल का? मी टाकलेला ग्रेन फोटो लहान करून पाठवला की नाहीसाच होतो.

कृष्णधवल
मनापासून लिहिलंत. पोचलं.

ग्रेन नेहमी शेवटी, फोटो हव्या त्या मापाचा करून झाल्यावर. ६००० चा फोटो १५०० केलात की ४ × ४, म्हणजे १६ पिक्सेलांचा मिळून एक होतो. सोळा दाण्यांची सरासरी निघाली की दाण्याचा जोर चौथ्या हिश्श्यावर येतो. शार्पनिंगचंही तेच. ६००० वर २ पिक्सेल रेडियसची धार १५०० वर अर्ध्या पिक्सेलची उरते. पडद्यासाठी एक फाइल, छपाईसाठी वेगळी.

रंगीत नॉइज टाकू नका, मोनोक्रोमॅटिकवर खूण करा. आणि ग्रेन सगळीकडे सारखा नको. फिल्मच्या प्रिंटमध्ये तो मध्यम छटांत जास्त जाणवतो, गडद काळ्यात आणि कोऱ्या पांढऱ्यात कमी. १२८ करड्याने भरलेल्या लेयरवर नॉइज टाकून तो ओव्हरलेला लावलात की हे आपोआप साधतं. चौकट यांनी वर सांगितलेलंच गणित.

पायरीवरचा
एक भर घालतो, कारण माझं नुकसान झालंय. फिल्टर थेट मूळ लेयरवर लावू नका. फोटोशॉपमध्ये आधी स्मार्ट ऑब्जेक्ट करा, २००७ च्या सीएस३ आवृत्तीपासून त्यावर लावलेले फिल्टर नंतर बदलता येतात. गिंपमध्ये ही सोय २०२५ च्या ३.० पासून आली. आणि काम चालू असताना जेपीइजी करत राहू नका. ते दर वेळी ८ × ८ च्या चौकोनांत तपशील टाकून देतं, आणि कागदाचे बारीक तंतू त्यात सगळ्यात आधी जातात. माझ्या एका प्रवासाच्या सगळ्या फोटोंवर आता चौकोनी जाळी आहे आणि मूळ फाइल नाहीत.

रानजाई
मंडळी, झालं! सविस्तर लिहिते.

पडद्याच्या फाइलमध्ये खालून वर असे लेयर आहेत: मूळ फोटो, हातांपुरता हाय पास (रेडियस ३, ओव्हरले, मास्कसह), सावल्या किंचित उचलणारा कर्व्ह, कागद (उलटा केलेला, हाय पास १२०, सॉफ्ट लाइट), सगळ्यात वर ग्रेन. टेस्ट स्ट्रिप केली. पहिल्या रात्री ४० चा पट्टा आवडला होता, सकाळी तोच बटबटीत वाटला. २० वर थांबले. घडी आता मनगटाच्या बाजूने जाते, बोटांवर कागद जेमतेम जाणवतो.

मग छपाई. कापसाचा, खरखरीत मॅट कागद घेतला. पहिला प्रिंट आला आणि काहीतरी जडच वाटत होतं. भिंगातून बघितलं तर हातातल्या कागदाचे खरे तंतू आणि मी छापलेले तंतू एकमेकांवर चढले होते. चौकटदादांचं 'फोटो ज्याच्यावर छापलाय तो पृष्ठभाग' आठवलं. तो तर आता खराच होता. कागदाचा लेयर बंद केला, ग्रेन आणि हाय पास तेवढे ठेवले आणि पुन्हा छापला.

साधासरळ
सुईचं टोक कसं आलंय?

रानजाई
दोऱ्याच्या अगदी जवळ एक पांढरा ठिपका आहे, खिडकीचा. दोरा अजून ओवला गेलेला नाही.